डिस्चार्ज मिळाला, पण चालता येतंय का? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : आयसीयूतून सुटलेल्या रुग्णांचं चालणं आणि त्यासाठीच्या व्हीआर, म्हणजे आभासी दृश्यांच्या यंत्रणेची खरेदी.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे (चेतातंतूंना इजा होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे) रुग्ण एकामागोमाग एक दाखल होऊ लागले. पाण्याचा संशय आला, तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशयित रुग्णांचा आकडा बघता बघता दोनशेच्या वर गेला. त्या काळात आपल्या खात्याचं पत्रक रोज निघत होतं. एकूण संशयित किती, निदान पक्कं झालेले किती, आयसीयूत किती, व्हेंटिलेटरवर किती, डिस्चार्ज किती, मृत्यू किती. साथ ओसरली तसा डिस्चार्जचा आकडा वाढत गेला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. घरी गेलेल्यांपैकी स्वतःच्या पायांवर किती जण गेले आणि स्ट्रेचरवरून किती, हे मात्र त्या पत्रकातून कळायची सोय नव्हती.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझं बरंचसं काम आयसीयूतल्या आणि आयसीयूतून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसांबरोबर चालतं. जीबीएसची अवस्था मोजायला आमच्याकडे शून्य ते सहा अशी एक साधी मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे ठणठणीत, सहा म्हणजे मृत्यू, पाच म्हणजे व्हेंटिलेटर. चार म्हणजे माणूस खाटेला किंवा खुर्चीला खिळलेला, तीन म्हणजे कुणाच्या तरी आधाराने दहा मीटर चालणारा, दोन म्हणजे बिनआधाराने तेवढंच चालणारा पण पळू न शकणारा. सरकारी पत्रकात पाच आणि सहा मोजले जातात. चार आणि तीन ‘डिस्चार्ज’मध्ये जातात. या आजारात सहा महिन्यांनंतरही साधारण पाचातल्या एकाला आधाराशिवाय चालता येत नाही, ही माहिती वैद्यकाच्या पुस्तकांत कधीपासून आहे. ती नियोजनात आलेली मला दिसत नाही.

आणि हा प्रश्न जीबीएसपुरता नाही. न्यूमोनिया, डेंगी, सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, अपघात, बाळंतपणातली गुंतागुंत, कारण कुठलंही असो, माणूस व्हेंटिलेटरवर पडून राहिला की मांडीचे स्नायू झपाट्याने झिजतात. २०१३ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीची सोनोग्राफी करून मोजलं, तेव्हा पहिल्या दहा दिवसांतच पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ १८ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. हे स्नायू महिना-दोन महिन्यांत आपोआप भरून येत नाहीत. टोरांटोत फुप्फुसांच्या गंभीर आजारातून वाचलेल्यांचा पाच वर्षं पाठपुरावा केला, तर पाच वर्षांनंतरही त्यांचं सहा मिनिटांतलं चालणं अपेक्षेच्या तीन-चतुर्थांशच होतं. त्यातली बरीच माणसं चाळिशी-पंचेचाळिशीतली, घर चालवणारी होती.

नातेवाइकांना वाटतं, ताकद आली की पेशंट चालेल. नुसत्या ताकदीवर ते होत नाही. तीन आठवडे छताकडे बघत पडलेल्या माणसाला उभं केलं की आधी रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग भीती बसते. पाय जमिनीवर आहेत की नाहीत हेच नीट कळत नाही, म्हणून तो मान खाली घालून पायांकडे बघत राहतो, आणि पायांकडे बघत चालणारा माणूस हमखास तोल घालवतो. एकदा गुडघा मुडपला की पुढचे चार दिवस तो उभं राहायला नकार देतो. वॉर्डातले मामा, सिस्टर, आम्ही, सगळे समजावतो. तो म्हणतो, ‘उद्या बघू.’

व्हीआरचा उपयोग नेमका इथे आहे. समोर रस्ता सरकताना दिसला की मेंदू पावलांचा वेग आपोआप जुळवून घेतो. मान वर राहते. स्वतःच्या पावलांची हालचाल पडद्यावर त्याच क्षणी दिसली की जी जाणीव पायांतून येत नाही ती डोळ्यांतून मिळते. दगड ओलांडायचा, डबकं चुकवायचं असा खेळ असला की वीस पावलांवर कंटाळणारा माणूस साठ पावलं टाकतो. भाजलेल्या रुग्णांच्या मलमपट्टीच्या वेळी आभासी देखावा दाखवून वेदना कमी करण्याचे प्रयोग अमेरिकेत सिॲटलला १९९०च्या दशकात झाले, तेव्हापासून या तंत्राची वैद्यकातली वाट सुरू आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये तर आयसीयूतल्या रुग्णांना पलंगाशेजारी बहुतेक वेळा उभं करून बाजारात मिळणारा साधा व्हिडिओ गेम खेळायला दिला. २०१२ मध्ये त्यांनी २२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि ते सुरक्षितपणे करता येतं एवढं दाखवलं. एवढंच. त्याहून मोठा दावा त्यांनी केला नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण आता विक्रेते रुग्णालयांतून प्रात्यक्षिकं दाखवत फिरतात आणि त्यांचे दावे फार मोठे असतात. खरी परिस्थिती अशी आहे. चालण्यासाठी व्हीआरचा सगळ्यात भक्कम अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पाच देशांत, वारंवार पडणाऱ्या ३०२ ज्येष्ठांवर तो झाला. निम्मे नुसते ट्रेडमिलवर चालले, निम्मे ट्रेडमिल आणि समोर पडदा अशा जोडीवर. आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. पडदावाल्या गटात सहा महिन्यांतलं पडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, नुसत्या ट्रेडमिलवाल्यांत घट पुष्कळ कमी होती. पण हे आयसीयूतले रुग्ण नव्हते. पक्षाघाताच्या रुग्णांबद्दल कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये ७२ अभ्यास एकत्र तपासले. नेहमीच्या व्यायामाच्या जागी व्हीआर दिलं तर हाताच्या कामात विशेष फरक दिसला नाही. नेहमीच्या व्यायामात भर म्हणून, म्हणजे एकूण वेळ वाढवून दिलं, तेव्हा फायदा दिसला. चालण्याच्या वेगात ठोस फरक दिसला नाही. आयसीयूनंतरच्या चालण्याबद्दलचे अभ्यास अजून छोटे आहेत.

रुग्णाला लवकर हलवण्याचंही तसंच आहे. २००९ मध्ये शिकागो आणि आयोवात व्हेंटिलेटरवरच्या १०४ रुग्णांवर अभ्यास झाला. ज्यांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे उपचार) सुरू केली, त्यांच्यातले ५९ टक्के रुग्णालयातून निघताना स्वतःची कामं स्वतः करत होते. बाकीच्या गटात हेच प्रमाण ३५ टक्के होतं. पुढे २०२२ मध्ये ७५० रुग्णांचा मोठा अभ्यास आला, त्यात आयसीयूतल्या हालचालीचा डोस आणखी वाढवून पाहिला. जास्तीचा फायदा झाला नाही, उलट त्रास थोडे वाढले. लवकर सुरू करा, पण रेटू नका, असा मी त्याचा अर्थ घेते. किती रेटायचं हे रोज रुग्णाच्या चेहऱ्याकडे, नाडीकडे आणि सॅच्युरेशनकडे बघून ठरतं. ते ठरवायला तिथे माणूस लागतो.

जीबीएसमध्ये तर हे फारच जपावं लागतं. तुटलेला चेतातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर किती ते आपणच बघा. या काळात स्नायू थकेपर्यंत व्यायाम दिला तर रुग्ण दोन पावलं मागे जातो. आणि खेळात रमलेल्या माणसाला थकवा कळत नाही. व्हीआरचा जो गुण मी वर सांगितला, तोच इथे धोका होतो. याशिवाय जीबीएसच्या कितीतरी रुग्णांचा चेहरा लुळा पडलेला असतो, पापण्या पूर्ण मिटत नाहीत, काहींना एकाचे दोन दिसतात. अशांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवून काय साधणार? आयसीयूत भ्रम झालेल्या रुग्णाला डोळे झाकून भलतंच जग दाखवणं तर मी टाळतेच. हेडसेटचा फोम दहा कपाळांवरून फिरतो, आणि आपल्या आयसीयूंमध्ये कुठले हट्टी जंतू मुक्कामाला असतात हे आपल्याला माहीतच आहे. म्हणून बहुतेकांसाठी समोर मोठा पडदा, पायांची हालचाल टिपणारा कॅमेरा आणि छताला टांगलेला सुरक्षापट्टा एवढं पुरतं. लॅन्सेटच्या त्या अभ्यासातही पडदाच होता. स्वस्तही तेच पडतं, पण विकणाऱ्याला हेडसेट दाखवायला आवडतो.

आता माझं मुख्य म्हणणं. यंत्र घेणं यात सगळ्यात सोपं आहे. निविदा निघते, खोके येतात, फीत कापली जाते. कोविडच्या दिवसांत व्हेंटिलेटर आले पण चालवणारी माणसं नव्हती, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. व्हीआरचंही तेच होईल, कारण ते फिजिओच्या हातात वापरायचं साधन आहे आणि फिजिओच नाहीत. जिल्हा रुग्णालयांतल्या फिजिओंपैकी पुष्कळ जण कंत्राटी आहेत. एकाच माणसाकडे ओपीडीतले गुडघे, वॉर्डातले पक्षाघात आणि आयसीयूतली छाती, सगळंच. एका व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला खाटेच्या कडेला नुसतं बसवायला दोन-तीन जणांचे हात आणि अर्धा तास लागतो. ओपीडीची रांग सोडून तो अर्धा तास कुठून आणायचा?

फिजिओथेरपीचं शिक्षण देशात सुरू झालं ते मुंबईतच. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओच्या साथीने सरकारला भाग पाडलं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएममध्ये शाळा उभी राहिली. गंमत अशी की १९५२ मध्ये कोपनहेगनला आयसीयूचा जन्म झाला तोही पोलिओच्याच साथीत. वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने हाताने फुगा दाबून मुलांना श्वास देत होते. माणसाला जगवणं आणि त्याला पुन्हा पायांवर उभं करणं या दोन्ही गोष्टी एकाच आजाराने शिकवल्या. आपण पहिलीसाठी खाटा वाढवत गेलो.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, ते मोठं काम आहे आणि जीबीएसच्या कित्येक घरांना त्याचा आधार झाला. पण पॅकेज आयसीयूभोवती बांधलेलं आहे. चेतातंतू भरून यायला सहा महिने ते दोन वर्षं लागतात, आणि पाठपुराव्याचे मोजके दिवस संपले की रुग्ण स्वतःच्या खिशावर येतो. पुण्यात घरी येणारा फिजिओ एका भेटीचे पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त घेतो. ज्याचा हातावरचा रोजगार गेला आहे, ज्याच्या बायकोने त्याला सांभाळायला काम सोडलं आहे, त्या घरात आठवड्यातून तीन भेटी कशा परवडाव्यात? रुग्णालयात यायचं म्हटलं तर रिक्षाचं भाडं. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला तर आधी उचलून खाली आणायला शेजारचे दोघे शोधावे लागतात. माझ्याकडचे रुग्ण व्यायाम सोडतात ते कंटाळून नाही, बहुतेक वेळा या कारणाने.

म्हणून माझी पहिली विनंती पॅकेजची आहे. पाच दिवसांपेक्षा जास्त व्हेंटिलेटरवर राहिलेल्या प्रत्येक रुग्णाला डिस्चार्जनंतर सहा महिने फिजिओथेरपीची सत्रं योजनेतून मिळावीत, आणि पहिल्या काही भेटी घरी व्हाव्यात. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर चालण्याची नोंद सक्तीची करा : दहा मीटर चालतो का, आधार लागतो का, किती सेकंद लागतात. याला एक टेप आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. तीन आणि सहा महिन्यांनी तीच नोंद पुन्हा व्हावी आणि ती जिल्ह्याच्या अहवालात दिसावी.

त्यानंतर व्हीआर. ते राज्यभर एकदम घेऊ नका. तीन-चार ठिकाणी, जिथे कायमस्वरूपी फिजिओ आहेत आणि आयसीयूनंतरचे रुग्ण पुरेसे येतात, तिथे वर्षभर वापरून बघा. हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था केंद्राची आहे, १९५५ पासून हेच काम करते. तिला सोबत घ्या. निम्म्या रुग्णांना नेहमीचा व्यायाम, निम्म्यांना तेवढाच व्यायाम आणि त्यावर व्हीआर, आणि निकाल जो येईल तो जाहीर करा, उपयोग झाला नाही असा आला तरी.

खरेदीच्या अटींत एक गोष्ट जरूर घाला. परदेशी सॉफ्टवेअरमधल्या पाइनच्या जंगलातून चालून आमच्या रुग्णांचं भागत नाही. त्यांना घराचा उंबरठा ओलांडायचा असतो, एसटीची उंच पायरी चढायची असते, ओल्या मोरीत पाय टाकायचा असतो, शेताच्या बांधावरून तोल सांभाळायचा असतो, भाजी मंडईत धक्के खात उभं राहायचं असतं. ही दृश्यं पुण्यातले अभियांत्रिकीचे आणि ॲनिमेशनचे विद्यार्थी एका सत्रात बनवून देतील, आणि सूचना मराठीत असतील. कोडवर मालकी सरकारची ठेवा, म्हणजे दरवर्षी परवान्याचे पैसे भरत बसायला नको. देखभालीचा करार खरेदीबरोबरच करा. बिघडलेला कॅमेरा बदलून मिळायला वर्ष लागलं तर ती खोली गोदाम होते.

यातलं पॅकेज आणि डिस्चार्ज कार्ड आपल्या खात्याच्या अखत्यारीत आहे. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही की निविदा. कर्मचाऱ्यांच्या जागांसाठी वित्त विभागाकडे जावं लागेल, वैद्यकीय महाविद्यालयांसाठी दुसऱ्या मंत्र्यांशी बोलावं लागेल, याची मला कल्पना आहे. त्याला वेळ लागला तर लागू द्या. पण या जागा भरण्याआधी व्हीआर हेडसेटच्या खरेदीची फाइल आपल्या टेबलावर आली, तर ती ‘कोणता प्रशिक्षित फिजिओ हे वापरणार, नाव व पद कळवावे’ असा शेरा मारून परत पाठवावी, ही विनंती.

आपली,
पुण्यातली एक फिजिओथेरपिस्ट