मंत्रिमहोदय, त्या कुपीत कुणाचं हाड होतं?

मा. आरोग्यमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

खालची दाढ काढली त्या दिवशी मला तीन सूचना मिळाल्या होत्या. कापूस दाबून धरा, थुंकू नका, आज गरम काही घेऊ नका. तिन्ही मी पाळल्या. दाढेपाठोपाठ तिच्याभोवतीचं हाडही झिजायला लागेल, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर लावायचा कृत्रिम दात, बसवायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर स्कॅन लावला. शेजारच्या दातांपाशी जाड असलेली हाडाची कड मधेच खचलेली दिसत होती, पावसात बांध खचावा तशी. "इथं स्क्रू धरेल एवढं हाडच नाही. आधी ग्राफ्ट करावं लागेल." म्हणजे खचलेल्या जागी हाडाची भर घालायची.

दाताभोवतीचं हाड दातासाठीच असतं. चावताना मुळावर पडणारा दाब त्याला जिवंत ठेवतो. दात गेला की शरीर ते मोडीत काढायला लागतं. वर्षभरात कडेची रुंदी जवळपास निम्म्यानं घटू शकते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. गालाकडची भिंत मुळातच पातळ, म्हणून आधी तीच जाते. काही जागी दात काढतानाच खड्ड्यात ग्राफ्ट भरून ही झीज कमी करता येते. प्रत्येकाला त्याची गरज नसते, हेही खरं. पण निर्णय घ्यायची वेळ तीच असते, आणि मला ती कळलीच नाही.

ग्राफ्टच्या दिवशी ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी होती. आत भरड मिठासारखे पांढरे कण. डॉक्टरांनी ते माझ्याच रक्तात कालवले, खचलेल्या जागी दाबून बसवले, वर पातळ पडदा अंथरला आणि हिरडी ओढून टाके घातले. हात उत्तम होता, तक्रार त्याबद्दल नाही. टाके निघाल्यावर मी सहज विचारलं, ते कण कसले होते? उत्तर मिळालं, गुराच्या हाडाचे.

असे कण चार प्रकारचे असतात. रुग्णाच्याच हनुवटीतून किंवा अक्कलदाढेमागून काढलेलं हाड, मृत दात्याचं हाड, जनावराचं हाड किंवा कारखान्यात बनवलेलं कॅल्शियम फॉस्फेट. जनावराच्या हाडातला सेंद्रिय भाग प्रक्रियेनं काढून टाकतात, मागे उरतं ते खनिज. वरचा पडदा बऱ्याचदा गुराच्या नाहीतर डुकराच्या कोलॅजन या प्रथिनाचा असतो. कण म्हणजे नुसता मांडव, त्यावर वेल चढवायची ती आपल्याच शरीरानं. म्हणून चार ते सहा महिने थांबावं लागतं, कधी त्याहून जास्त. मला स्वतःला गुराच्या हाडाचं वावडं नाही. पण श्रद्धेपोटी किंवा तत्त्व म्हणून ज्यांना ते चालणार नाही, त्यांनी कुठे नाही म्हणायचं? संमतीपत्रावर फक्त "ग्राफ्ट मटेरियल" एवढंच लिहिलेलं होतं, तेही मला अडखळत वाचावं लागणाऱ्या भाषेत.

माझ्या बहिणीची गोष्ट हिरडीच्या ग्राफ्टची. वर्षानुवर्षं जोर लावून ब्रश घासल्यानं तिच्या हिरड्या खाली सरकल्या होत्या. तोंडातल्या टाळूतून ऊतीचा तुकडा काढून तिथं शिवला. शिवलेली जागा आठवड्यात शांत झाली, पण टाळू भाजल्यासारखा हुळहुळत राहिला. एका शस्त्रक्रियेत जखमा दोन असतात, हे तिला घरी आल्यावर कळलं.

हा मूठभर हौशी लोकांचा विषय आहे असं कुणी आपल्याला सांगेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचे विकार आहेत, आणि हिरड्यांच्या गंभीर आजाराचे रुग्ण १०० कोटींच्या वर. हा आजार हाडच खातो. ग्राफ्टपर्यंत पोचणारे बरेच लोक यातून येतात.

माझं मागणं पैशांचं नाही. दात काढण्याआधी हाडाच्या झिजेबद्दल दोन वाक्यं बोलणं बंधनकारक करा. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असू द्या. ग्राफ्ट आणि पडदा कशापासून बनले आहेत, दुसरा पर्याय कोणता, किती महिने थांबायचं, ग्राफ्ट धरला नाही तर पुढे काय, हे त्यात लिहिलेलं असावं. धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे जखम भरायला अडचण येते, हेही तिथंच यावं. शिवाय या कुप्यांसोबत बॅच क्रमांकाची चिकटपट्टी येते. एक दवाखान्याच्या नोंदीत लागते, तशीच एक रुग्णाच्या हाती द्या. उद्या एखादी बॅच परत मागवली, तर आपल्या जबड्यात काय आहे ते रुग्णाला कळायला नको का?

एवढं सांगितलं तर रुग्ण घाबरून पळतील, असं एका दंतवैद्यांनी मला ऐकवलं. मी पळाले नसते. कदाचित दोन वर्षं आधी आले असते.

संमतीपत्राचा एक पानी मसुदा सोबत जोडला आहे. माझ्या ग्राफ्टची चिकटपट्टी मागून घेतली, ती त्याच्या उजव्या कोपऱ्यात लावली आहे.

आपली,
एक रुग्ण