कीटकांचा तास बांधावर घ्या

महोदय,

प्राथमिक शाळेत कीटक शिकवताना बहुतेक ठिकाणी फळ्यावर दोन रकाने आखले जातात : उपयुक्त आणि उपद्रवी. मधमाशी, फुलपाखरू, रेशीमकिडा एकीकडे. डास, झुरळ, अळी दुसरीकडे. मुलं ते पाठ करतात आणि धडा संपतो. शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना तरी असं शिकवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अळी सरसकट उपद्रवी कशी? २००२ साली आमच्या सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड आली आणि बघता बघता इतर जिल्ह्यांत पसरली. पानाच्या मागे पांढरा थर, खालच्या पानांवर चिकटा पडून काळी बुरशी. उसात शिरलेला माणूस पांढरी लोकर अंगावर घेऊनच बाहेर यायचा. डोक्याच्या वर गेलेल्या उसात फवारणार तरी कसं? तो मावा आटोक्यात आणण्यात मोठा वाटा होता कोनोबाथ्राचा. ही एक अळीच! माव्याच्या थरात जाळी विणून राहते आणि मावा खाते. तेव्हा हे मित्रकीटक मुद्दाम वाढवून उसात सोडले गेले. ज्यांच्या आजोबांनी ते सोडले, त्यांच्या नातवंडांनी वहीत ‘अळी – उपद्रवी’ लिहायचं?

ढालकिड्याचंही तेच. लाल पाठीवरचे काळे ठिपके मुलांना लगेच ओळखू येतात. त्याची अळी मात्र काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी दिसते. मावा तीही खाते, पण ती कीड समजून मोठी माणसंसुद्धा चिरडतात. उलट वांग्यावरचा हड्डा भुंगेरा दिसायला ढालकिड्याचा भाऊ, आणि पानाची चाळण करतो तोच. ढालकिड्याची पाठ तुळतुळीत असते, हड्ड्याची बारीक लव असल्याने निस्तेज. भिंग हातात दिलं तर चौथीतलं मूल हा फरक सहज सांगेल.

२०१५ मध्ये निलवंत आपलं राज्य फुलपाखरू झालं. त्याची अळी लिंबूवर्गीय झाडांचीच पानं खाते. मग ते कुठल्या रकान्यात टाकायचं? तो कीटक कोणत्या अवस्थेत, काय खातो, हे मुलांना विचारायला शिकवलं पाहिजे.

बऱ्याच शाळांत आता परसबाग आहे. तिच्या कडेने चवळी लावा आणि फवारू नका. चवळीवर मावा येतो, मागोमाग ढालकिडे येतात. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एक तास तिथे घ्यावा, एकदा तरी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) बोलवावं. डासांसाठी तर लांब जायलाच नको. साचलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या की आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस का पाळायचा ते मुलंच घरी सांगतील. केसाळ अळीला आणि गांधीलमाशीच्या घराला हात लावायचा नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी बजावावं.

आमच्या गावच्या शाळेला माझं शेत यासाठी केव्हाही खुलं आहे. फक्त आदल्या दिवशी विचारावं. शेजारच्या रानात फवारणी झाली असेल, तर त्या दिवशी मुलांना आणू नये.

– एक ऊस उत्पादक पालक, ता. वाळवा, जि. सांगली