आयोडीनचे मीठ आणि तेलातली लसूण

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय सुधाकर,

स. न. वि. वि.

सोललेली लसूण तेलात घालून तिच्या बरण्या विकण्याचा वहिनींचा विचार तुझ्या पत्रातून कळला. आयोडीनयुक्त मीठ घातले की बोट्युलिझमची, म्हणजे जिवाणूने अन्नात तयार केलेल्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेची, भीती उरत नाही, असे त्यांना कोणी सांगितले असेल, तर ते साफ चूक आहे.

जखमेवर लावायच्या पोव्हिडोन-आयोडीनच्या १० टक्के द्रावणात कामी येणारे आयोडीन १ टक्का, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग असते, आणि तेवढ्यालाही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली सुप्त रूपे, लगेच दाद देत नाहीत. मिठात मात्र ते आपल्या घरी पोहोचेपर्यंत दहा लाखांत किमान १५ भाग राहावे एवढीच अट आहे, आणि तेही पोटॅशियम आयोडेटच्या रूपात. ते घातले आहे गलगंड टाळण्यासाठी; बरणी राखणे हे त्याचे कामच नव्हे.

बोट्युलिझम घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात आणि लसूण मातीतूनच येते. तिच्यात आंबटपणा कमी; वरून तेलाने हवा तोडली की हवेवाचून वाढणाऱ्या या जिवाणूला हवे ते सारे आयतेच मिळते. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हरला तेलातल्या लसणीनेच ३६ जणांना ही विषबाधा झाली होती. वास किंवा चव बिघडलेली असेलच असे नाही. लक्षणे म्हणजे एकाच्या दोन वस्तू दिसणे, पापण्या जड होणे, घास न उतरणे, जीभ अडखळणे आणि मग वरून खाली पसरत जाणारा लुळेपणा. ताप बहुधा नसतोच, म्हणून प्रारंभी कोणाला शंकाही येत नाही. असे काही दिसले, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

लसूण आधी तळून घेऊ, असे वहिनी म्हणतील. पण पाकळीत पाणी आहे तोवर, तेल कितीही कडकडीत असो, तिच्या पोटातले तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि हे बीजाणू मारायला दाबाखालची १२१ अंशांची उष्णता लागते. आंबटपणा वाढवून सामू (पीएच; जितका कमी तितके आंबट) ४.६ च्या खाली आणला तर जिवाणू वाढत नाही. मात्र तो आंबटपणा पाकळीच्या गाभ्यापर्यंत पोहोचल्याचे मोजून पाहावे लागते, नुसते लिंबू पिळून भागत नाही.

माझे ऐकशील तर त्यांनी आपली कांदा-लसूण चटणीच करावी. तिच्यातला कांदा, लसूण, खोबरे नीट भाजून-सुकवून पाणी पार आटवले की ती टिकते, आणि गिऱ्हाईकही घरबसल्या मिळते. तेलातली लसूण घरापुरती करायची असेल तर फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा. बरण्यांची ऑर्डर दिली असेल तर त्या चटणीलाही चालतील. लेबलांची छपाई मात्र आजच थांबव.

तुझा,
मधुकर