बुरेट स्टँडवाल्या दादाला

दादा,

तुझं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तू लॅबच्या मागच्या दारानं पळशील आणि महिनाभर मला तोंड दाखवणार नाहीस. आपल्या कॉलेजात लॅबचा दादा म्हटलं की कोण ते पोरांना बरोबर कळतं.

बावीस वर्षं झाली बॉटनी शिकवतेय. हातात रंगीत खडू असला की मी कुणाला ऐकत नाही, पण २०२० ला लॉकडाऊन लागला आणि मोबाईलकडे बघून शिकवा म्हटल्यावर माझी बोबडीच वळली. पहिलं लेक्चर आठवतंय ना? पन्नास मिनिटं जीव तोडून प्रकाशसंश्लेषण शिकवलं आणि माईक बंद! शेवटी एका पोरानं चॅटमध्ये टाकलं, मॅडम आवाज येत न्हाय. बाकीचे जॉइन करून गुरं सोडायला गेले असणार, त्यांना काय फरक पडतोय.

तुला फोन केला तेव्हा मी रडायच्या बेतात होते. तू हसला नाहीस, एवढंच म्हणालास की उद्या येतो. दुसऱ्या दिवशी गेटपाशी गाडी, तोंडाला रुमाल आणि हातात लॅबमधला बुरेट स्टँड, काचेची नळी उभी धरायचा तो लोखंडी. मला वाटलं ह्या पोराचं डोकं फिरलं. क्लॅम्पच्या दोन्ही बोटांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली, त्यात मोबाईल आडवा अडकवला, कॅमेरा खाली, खाली पांढरा कागद, आणि स्टँड कलंडायला लागला तर स्वयंपाकघरातून वरवंटा आणून बैठकीवर ठेवलास. मी कागदावर आकृती काढायची, फक्त हात दिसणार. "चेहरा कशाला पायजे ओ मॅडम, पोरांना आकृती पायजे." माझी निम्मी भीती तिथंच गेली.

आणि लांबड लावू नका हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, ते तू सांगितलंस. एका व्हिडिओत एकच गोष्ट, आठ-दहा मिनिटं बास. ते तू रात्री बसून बारीक करायचास म्हणजे जावळी-पाटणकडच्या पोरांना व्हॉट्सअ‍ॅपवर थोड्या डेटात उतरवता येतील, चित्र जरा धुरकट दिसलं तरी चालेल पण आवाज स्वच्छ हवा, म्हणून मला गोधडीखाली बसवून रेकॉर्डिंग करायला लावलंस. मे महिन्यात! ते मी अजून माफ केलेलं नाही.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात कासच्या पठारावर नेलंस. पुस्तकातल्या दवबिंदूची, म्हणजे त्या किडे खाणाऱ्या झाडाची, आकृती मी शेकडो वेळा काढली असेल, पण तू चिखलात पालथा पडून घेतलेल्या त्या शॉटमध्ये पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब चमकतायत आणि एक चिलट त्यात पाय सोडवतंय, ते बघून वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प झाली.

पण खरे आभार स्वयमसाठी. स्वयम म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, २०१७ पासून सुरू आहे, आयआयटीच्या प्रोफेसरांचे कोर्स घरबसल्या फुकट, परीक्षा द्यायची तेवढी फी. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानं एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करता येतात. हे सगळं मला मीटिंगमध्ये ऐकून माहीत होतं, आणि एका मीटिंगमध्ये एक मोठे साहेब असंही म्हणाले की सगळं नेटवर असतंय तर आता शिक्षकांना काय काम. तुला ते मी सांगितलं तर तू नुसता मान हलवून परत पीसी पुसायला लागलास.

कारण तुला माहीत होतं पोरं कुठं गळतात ते. एनपीटीईएलच्या, म्हणजे स्वयमवर आयआयटीवाले चालवतात त्या कोर्सला २५ मार्क असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे, असाइनमेंटमध्ये किमान १० नसले तर परीक्षेत कितीही पडू देत, सर्टिफिकेट नाही. आणि असाइनमेंट दर आठवड्याला, बहुतेक बुधवारी रात्रीपर्यंत. मग तू दर मंगळवारी ग्रुपवर एकच ओळ टाकायचास, "उद्या बुधवार हाय." दुपारी लॅबमधले चार पीसी चालू ठेवायचास, म्हणजे ज्यांच्या घरी रेंज नाही त्यांचं शेवटच्या एसटीआधी उरकावं. उत्तर मात्र कधी कुणाला सांगितलं नाहीस, कितीही गयावया केली तरी. बामणोलीकडची ती मुलगी, लाँचनं धरणाचं पाणी ओलांडून अलीकडं येऊन मग गाडी धरणारी, तिनं बारा आठवड्यांत एकही बुधवार चुकवला नाही. तिचे क्रेडिट एबीसी खात्यात, म्हणजे क्रेडिट साठवायच्या त्या ऑनलाइन बँकेत, जमा झालेले दाखवायला ती माझ्याकडं नाही, आधी तुझ्याकडं पळाली. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तू स्वतः इथंच शिकलास, कमवा आणि शिका योजनेत आपल्या बागेला पाणी घालायचास. तेव्हा मी तुला कुंड्या ओल्या ठेवल्या म्हणून ओरडले होते. ते आठवलं की आता लाज वाटते.

बरं, प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आलीये आणि केमिस्ट्रीवाले एक बुरेट स्टँड कमी म्हणून बोंबलतायत. तो माझ्याकडंच आहे. सोमवारी आणते. क्लॅम्प मात्र ठेवून घेतेय, तेवढं रजिस्टरात बघ.

तुझी,
बॉटनीच्या मॅडम