सत्तर पौंडांचं खूळ

नाशिक, शनिवार

प्रिय सुध्या,

हरणाच्या शिकारीसाठी तू धनुष्याचा सराव करतोयस, तो व्हिडिओ पाहिला आणि राहवलं नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. इकडे सगळे बरे. आईचे गुडघे जैसे थे.

अरे, दोरी ओढताना तू धनुष्य आभाळाकडे का नेतोस? खांदा कानाला टेकतो, हात थरथरतो आणि अँकर नीट लागायच्या, म्हणजे दोरीचा हात गालाशी स्थिर टेकायच्या आत तू बाण सोडून मोकळा होतोस. तो शेवटचा बाण पुन्हा बघ. फोमच्या हरणाच्या पोटात घुसलाय. खरं हरीण असतं तर झाडीत पळून जाऊन तासन्‌तास तडफडलं असतं.

ऑफिसातला कुणीतरी ओढायला ७० पौंड जोर लागणारं धनुष्य वापरतो म्हणून तूही ७०? पंचवटीत अण्णाचं धनुष्य पैजेखातर ओढून खांदा धरून बसला होतास, ते विसरलास? (आणि सरांनी जाड बांबूचं धनुष्य मला दिलं म्हणून आठवडाभर अबोला धरलास, तेही माझ्या लक्षात आहे.) तुमच्या विस्कॉन्सिनच्या कायद्याला हरणासाठी ३० पौंड चालतात. बाण धक्क्याने मारत नाही रे, कापून मारतो. पाती धारदार असली आणि बाण फुप्फुसांवर बसला, तर २० यार्डांवरून ५० पौंडांच्या कंपाउंडचा (तुझ्यासारख्या चाकांच्या धनुष्याचा) बाण आरपार जातो. सातारची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, त्या स्पर्धेत ६० पौंडांच्या वर परवानगीच नाही.

पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे भार उतरतो, म्हणून तुला वाटतं जमतंय. पण त्याआधी ७० पौंड ओढावे लागतातच, आणि तेही मचाणावर थंडीत आखडून बसल्यावर, जाड कोटात, हरीण समोर असताना. धनुष्य वर गेलं की ते तुला पाहणार. इथे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद, त्यामुळे आपण गवताच्या निशाण्यावरच वाढलो. नेम चुकला तर गुण जायचे, बाकी काही नाही. तुझ्यासमोर आता जिवंत जनावर असणार आहे. तू शिकारीला जातोयस याची मला तक्रार नाही, त्याचे हाल होऊ नयेत एवढंच.

एक कर. खुर्चीत बस, दोन्ही पाय जमिनीवरून उचल, धनुष्य निशाण्यावर रोखूनच सावकाश ओढ आणि अर्धा मिनिट धरून ठेव. जमलं नाही तर पौंड उतरव. धनुष्याच्या बाहूंचा वरचा-खालचा बोल्ट सारखाच सैल कर, कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे मात्र नको. मग साइट (नेम धरायची खूण) पुन्हा लाव, कारण बाण खाली लागायला लागेल. आणि ते ताठ बाण कमी पौंडांना चालतील का, हे दुकानात विचार.

बढतीबद्दल अभिनंदन! छकुलीला दात आले म्हणे, फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

मोसम तोंडावर आलाय, तेव्हा खुर्चीवरचा व्हिडिओ याच आठवड्यात पाठव. बाजूने काढ, खांदा दिसला पाहिजे.

तुझा,
विन्या