सोन्याच्या वरखावर प्लास्टिक : मंत्रीमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

कल्पसूत्र या जैन धर्मग्रंथाच्या सचित्र पोथ्यांवरून देशपातळीवर चित्रस्पर्धा घ्यावी असे आपल्या अखत्यारीतल्या संस्थेला सुचले, याबद्दल आभार. आभाराचा मजकूर इथे संपला.

‘मूळ कलाकृती आहे त्या स्थितीत परत केली जाईल,’ असे माहितीपत्रकात ठळक छापले होते. आम्ही स्पर्धेला पाठवलेली चित्रांची पाने परत आली ती लॅमिनेट होऊन, म्हणजे प्लास्टिकच्या फिल्मला चिकटून. चौकशी केली तर उत्तर मिळाले, ‘प्रदर्शनात धूळ बसू नये म्हणून काळजी घेतली.’ ही काळजी नेमकी काय करते ते एकदा कळून घ्या. लॅमिनेटरचे रूळ शंभर अंशांच्या आसपास तापतात. फिल्मवरचा चिकट थर वितळून हातकागदाच्या तंतूंत शिरतो. कागदात मुरलेला ओलावा वाफ होऊन बाहेर पडू पाहतो आणि रंगाखाली फोड येतात. आमचे रंग बाभळीच्या डिंकात कालवलेले, म्हणजे कागदाच्या पृष्ठावर बसलेले. फिल्म सोलायला गेलात तर हिंगूळ, म्हणजे आमचा लाल रंग, फिल्मबरोबर येईल आणि हाती कोरा कागद राहील. अशी किती पाने गेली? आमच्या ढोबळ हिशेबाने निम्म्याहून जास्त. नक्की आकडा तुमचे कार्यालय देत नाही, तेव्हा अंदाजच चालवून घ्यावा लागेल.

एका पानाची किंमत फाईलवर कळत नाही, म्हणून सांगतो. हिंगूळ खलात कुटायचा, लिंबाच्या रसात घोटायचा, पाण्याने धुवायचा, वरचे पिवळट पाणी नितारून टाकायचे, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. लाजवर्द या निळ्या दगडाचे उलटे: तो जास्त बारीक घोटला की निळा मरतो आणि राखाडी भुकटी उरते. डिंक जास्त झाला तर रंग तडकतो, कमी पडला तर बोटाला लागतो. वरख लावताना उकाडा असला तरी पंखा बंद, कारण श्वासानेही तो उडतो. खालचा डिंक फार ओला असेल तर सोने बुडते, सुकला तर चिकटत नाही. मधल्या त्या थोड्या वेळात वरख बसवायचा, पुरता वाळू द्यायचा आणि मग पातळ कागद ठेवून अकीक दगडाच्या घोटणीने घोटायचा. त्यानंतर भोवतीची लाल किंवा निळी जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, आणि सगळ्यात शेवटी काजळाची रेघ. एवढे सगळे झाल्यावर तुमचा शिपाई बटण दाबतो.

आता नियम. माहितीपत्रकाच्या एकाच पानावर क्रमांक ४ म्हणतो, ‘केवळ पारंपरिक खनिज रंग वापरावेत.’ क्रमांक ९ म्हणतो, ‘रंग बिनविषारी असावेत.’ महोदय, हिंगुळात पारा असतो, पिवळ्या हरताळात आर्सेनिक, शेंदरात शिसे. दोन्ही नियम पाळायचे तर गेरू, पिवडी आणि लाजवर्द यांवर भागवा आणि मोक्षाचा मार्ग धरा. शिवाय हरताळ शिशाच्या किंवा तांब्याच्या रंगात मिसळला की काळवंडतो, आणि तांब्याच्या गंजाचा, म्हणजे जंगालाचा, हिरवा कालांतराने कागदच खातो. याबद्दल सूचना असती तर शिकणाऱ्या मुलांची पाने वाचली असती. त्याऐवजी सूचना होती सेल्फी पाठवण्याची.

आकार मागितला ए-थ्री, उभा. कल्पसूत्राचे पान आडवे असते, साधारण १०-१२ सेंटिमीटर उंच आणि २५-३० सेंटिमीटर लांब. ताडपत्र जाऊन कागद आला तरी तो आडवा आकार टिकला. दोरी ओवायच्या भोकाची गरज संपली, तरी त्या जागी लाल ठिपका राहिला. तुमच्या साच्यात ठिपक्याच्या जागी स्पर्धेचा लोगो होता.

परीक्षकांचा शेरा तर जपून ठेवावा असा: ‘चेहऱ्याबाहेर आलेला डोळा, शरीररचनेचा दोष.’ पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर काढणे हीच तर या शैलीची ओळख! १४३९ साली मांडूत तयार झालेले कल्पसूत्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. परीक्षकांनी रिक्षा करून तिथे जायला हरकत नव्हती. १४६५ चे जौनपूरचे सोनेरी अक्षरांचे कल्पसूत्र मात्र त्यांना दाखवू नका, अक्षराला गुण कापतील.

पहिली फेरी २ एमबीच्या फोटोवर झाली. घोटलेले सोने सपाट स्कॅनरवर तपकिरी दिसते आणि फ्लॅशखाली पांढरे फुटते. साहजिकच बाजारी सोनेरी पोस्टर कलर ‘अधिक तेजस्वी’ ठरला. साहित्याचा खर्च मिळणार होता, पण जीएसटीचे बिल जोडले तर. वरख ठोकणारा कारागीर जीएसटीचे बिल कुठून देणार? खर्चाच्या आश्वासनालाही असा हरताळ फासला गेला. हे बिनविषारी की कसे, ते नियम ९ ला विचारा.

मुळात दुखणे एका स्पर्धेचे नाहीच. २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदणीची आणि जतनाची घोषणा झाली. चांगलेच आहे. पण पान स्कॅन झाले की सरकारच्या लेखी ते वाचले. फाटलेले पान सांधणारा, रंग ओळखणारा, खळ देऊन कागद घोटणारा माणूस कुठल्या रकान्यात बसतो? दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आजही हातकागद होतो. तुमच्या स्पर्धेने तो मागवला का? ‘हँडमेड लूक’ असलेला यंत्राचा कागद चालेल, असे शुद्धिपत्रक काढलेत. संस्कृती म्हटली की उद्घाटनाची फीत, शाल, श्रीफळ आणि मागे फ्लेक्स. हात मात्र कोणाचेच काळे व्हायला नकोत.

आता मागण्या. लॅमिनेट झालेली पाने कोणी घरी सोलू नयेत, इस्त्री किंवा ड्रायर लावू नये, हे तुमच्या संस्थेने सर्व स्पर्धकांना आजच कळवावे. ती पाने प्रशिक्षित कागद-संवर्धकाकडे सरकारी खर्चाने जावीत, आणि फिल्म काढता येणारच नसेल तर तसे लेखी द्यावे. कार्यालयात उरलेली पाने गुंडाळी न करता, आम्लमुक्त कागदात सपाट ठेवावीत. प्रदर्शनातला स्पॉटलाइट बंद करा, हिंगूळ उजेडाने काळा पडू शकतो. वरखाचे पैसे कारागिराच्या साध्या पावतीवर द्या. आणि लॅमिनेशनचा आदेश ज्या फाईलवर निघाला, तिची सहीसकट प्रत आम्हाला पाठवा. ती लॅमिनेट करून पाठवली तरी चालेल.

आपले,
स्पर्धेत पाने पाठवलेले काही पोथीचित्रकार