‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ म्हणजे नेमका कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन भारतात परतलेल्यांच्या कराविषयीचा लेख आपल्या कालच्या पुरवणीत वाचला. लेख सोपा आहे, याबद्दल लेखकाचे अभिनंदन. इतका सोपा, की अडचणीची जागा आली रे आली की ‘याबाबत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ असे म्हणून तो पुढे सरकतो. हे वाक्य मी मोजले, चार वेळा आले आहे. २०१७ मध्ये ओहायोतून नाशिकला परतल्यापासून मी तज्ज्ञांचाच सल्ला घेत आले आहे आणि माझी जी काही फरफट झाली ती तो सल्ला न घेतल्यामुळे नव्हे, घेतल्यामुळे झाली, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

आमच्या घराचे हिशेब वर्षानुवर्षे पाहणारे सी.ए. सज्जन आहेत आणि भारतीय कायद्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. ओहायोतील घर विकून आलेले पैसे त्यांच्याच सांगण्यावरून मी नऊ म्युच्युअल फंडांत गुंतवले. अमेरिकेचे काय, असे विचारल्यावर ते म्हणाले, “ताई, काळजी करू नका, दोन्ही देशांत १९८९ चा करार आहे, एकदा इथे भरला की तिथे भरावा लागत नाही.” करार आहे हे खरेच. पण त्याच्या पहिल्याच कलमात, थोडे अपवाद वगळता, अमेरिकेने आपल्या नागरिकांवर, ते कुठेही राहत असोत, करार झालाच नाही असे समजून कर लावण्याचा हक्क राखून ठेवला आहे, हे मला चार वर्षांनी कळले. माझे तिकडचे विवरणपत्र भरून देणाऱ्या गृहस्थांची तऱ्हा वेगळी. पगार, व्याज, लाभांश यांत ते वाकबगार. पण भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकी कायद्याच्या लेखी एक वेगळाच प्राणी ठरतो, प्रत्येक फंडामागे ८६२१ क्रमांकाचा स्वतंत्र फॉर्म भरावा लागतो आणि वेळीच योग्य पर्याय निवडला नाही तर नफ्याचा मोठा भाग सर्वोच्च दराने, वर व्याज लावून, करपात्र होतो, हे त्यांच्या गावीही नव्हते. नऊ फंड, म्हणजे दरवर्षी नऊ फॉर्म. एकाला भारत ठाऊक, दुसऱ्याला अमेरिका, आणि मी राहते ती या दोघांच्या मधल्या जागेत.

परदेशी, म्हणजे अमेरिकेच्या दृष्टीने परदेशी अशा माझ्या भारतातल्याच, खात्यांच्या विवरणाचेही तेच झाले. सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी ते भरावे लागते, आणि ते करखात्याच्या विवरणपत्राला जोडायचे नसून अमेरिकी अर्थखात्याच्या वेगळ्याच शाखेकडे पाठवायचे असते. (आपल्या लेखात ते ‘विवरणपत्रासोबत जोडावे’ असे छापले आहे. कृपया दुरुस्ती प्रसिद्ध करावी.) माझ्या आईच्या पेन्शनच्या खात्यावर, तिला बँकेत जाववत नाही म्हणून, माझे नाव दुसरे आहे, त्यातली सगळी शिल्लकही मला दाखवावी लागते, हे दोघांपैकी कोणीही सांगितले नाही. बँकेने तर कमालच केली. दोन्ही देशांतल्या २०१५ च्या आणखी एका करारानुसार बँकांना अमेरिकी खातेदारांची माहिती सरकारमार्फत तिकडे कळवावी लागते आणि त्यासाठी आपण अमेरिकेचे करदाते आहोत का, असा रकाना खात्याच्या अर्जात असतो. काउंटरवरचा तरुण म्हणाला, “मॅडम, ‘नाही’ लिहा, उगाच कटकट.” हाही सल्लाच, आणि फुकटचा.

शेवटी २०२१ मध्ये अमेरिकी करखात्यापुढे बाजू मांडण्याचा परवाना असलेल्या एका एन्रोल्ड एजंटबाईंनी दूरध्वनीवर पाऊण तास प्रश्न विचारले. त्याआधी मला कोणी प्रश्नच विचारले नव्हते, सगळ्यांनी उत्तरेच दिली होती. परदेशात राहणाऱ्या आणि अजाणता चुकलेल्या नागरिकांसाठी असलेल्या सवलतीच्या मार्गाने तीन वर्षांची विवरणपत्रे सुधारून व सहा वर्षांची खात्यांची विवरणे भरून मी सुटले. दंड लागला नाही. कर, व्याज आणि फी लागली, आणि फीचा आकडा मी घरातही सांगितलेला नाही. पण मला खरे पकडले ते त्यासोबतच्या १४६५३ क्रमांकाच्या शपथपत्राने. तुम्ही सल्लागारावर विसंबला असाल तर त्याचे नाव, पत्ता, दूरध्वनी आणि त्याने दिलेल्या सल्ल्याचा सारांश लिहा, असे त्यात विचारले आहे. सारांश काय लिहू? माझ्याजवळ कागदाचा एक कपटा नव्हता. होता तो चहा, आणि ‘ताई, काळजी करू नका’. मी चोवीस वर्षे औषधांच्या दुकानात काढली. साधी खोकल्याची बाटली दिली तरी मात्रा लेबलवर लिहून देत असे. दोन देशांच्या कराचा सल्ला मात्र मी तोंडी घेतला, हा दोष माझाच, तो मान्य आहे.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेला बिटनर यांचा खटला लेखकाने वाचायला हवा होता. हे गृहस्थ रोमानियातून अमेरिकेत गेले, नागरिक झाले, पुन्हा मायदेशी परतले. खात्यांची विवरणे द्यायची असतात हे त्यांना कळेपर्यंत बरीच वर्षे उलटली होती; कळल्यावर पहिल्या हिशेबनिसाने भरलेली विवरणे अपुरी निघाली आणि दुसरा नेमावा लागला. दंड २७ लाख २० हजार डॉलर. दंड खात्यागणिक नव्हे, विवरणागणिक मोजायचा, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरल्यावर तो ५०,००० वर आला. आमच्यासारख्यांनी विचारायला जायचे तरी कुठे? अमेरिकी करखात्याची लंडन, पॅरिस, फ्रँकफर्ट येथील मदत कार्यालयेही केव्हाच बंद झाली.

जाता जाता आणखी एक. लेखात आम्हा सर्वांना सरसकट ‘अनिवासी भारतीय’ म्हटले आहे. मी बारा महिने नाशिकात राहते, म्हणून निवासी; पारपत्र अमेरिकेचे, म्हणून नागरिक तिथली. उलट, भारतीय पारपत्र आणि ग्रीन कार्ड बाळगून परतलेल्यांना, ते कार्ड रीतसर परत करेपर्यंत, अमेरिकेत विवरणपत्र भरावेच लागते, त्यांचा लेखात पत्ताच नाही.

यापुढे ‘तज्ज्ञ’ हा शब्द छापताना तो कोणत्या देशाचा, कोणत्या परवान्याचा आणि लेखी देणारा की तोंडी, एवढे तरी सोबत छापावे.

आपली,
एक नियमित वाचक, कॉलेज रोड, नाशिक

ता. क. : माझे नाव छापू नये. आमचे सी.ए. आपलेच वर्गणीदार आहेत आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी भेटतात.